तहकूब व्याज

पूर्वीं वाण्याच्या दुकानांत भिंतीवर एक पाटी हमखास लटकत असे : ‘आज रोख, उद्यां उधार.’ तो उद्यां कधींच उगवत नसे, आणि गिऱ्हाईकहि त्या विनोदाला हंसून खिशांत हात घालीत असे. आतां पाटी बदलली आहे. ‘आज न्या, सावकाश द्या, व्याज नाहीं,’ असें ती सांगते. ह्या नव्या पाटींतहि एक विनोद दडलेला आहे. परंतु तो कळावयास कधीं कधीं वर्ष लागतें, आणि कळतो तेव्हां हंसूं येत नाहीं. त्या विनोदाविषयीं आज चार शब्द सांगण्याचा माझा विचार आहे.

मी तीस वर्षें एका बँकेंत हिशेबाचें काम केलें. व्याज ह्या वस्तूशीं माझा परिचय जुना आहे, असें मी समजत होतों. परंतु एके रात्रीं माझ्या भाच्याचा अमेरिकेहून फोन आला आणि माझी ती समजूत पुरी नव्हती, असें मला दिसून आलें.

हा भाचा पुण्यास शिकला, पुढील शिक्षण परदेशीं पुरें करून न्यू जर्सींत नोकरीस लागला. वय तेवीस-चोवीस. स्वभावानें काटकसरी. पहिल्या बिऱ्हाडाला जें लागतें तेंच त्यानें घेतलें : एक पलंग, गादी, लिहावयाचें टेबल आणि दोन खुर्च्या. किंमत १२०० डॉलर. विक्रेत्यानें त्या दुकानाचेंच क्रेडिट कार्ड पुढें केलें आणि सांगितलें कीं, बारा महिने व्याज नाहीं. भाच्यानें दरमहा ९५ डॉलर आपल्या खात्यांतून आपोआप वळते होतील अशी व्यवस्था करून ठेविली. बारा महिन्यांत ११४० डॉलर फिटतील, राहिलेले ६० तेराव्या महिन्यांत देऊन टाकूं, असा त्याचा हिशेब. त्याप्रमाणें सर्व कांहीं झालें. आणि तेराव्या महिन्यांत बिल आलें तें ६० डॉलरांचें नव्हे, २६० डॉलरांहून अधिक रकमेचें.

“मामा, मीं एकहि हप्ता चुकविला नाहीं,” तो म्हणाला. “आईला मात्र सांगूं नका.”

मला हें कबूल केलें पाहिजे कीं, माझा त्याच्यावर विश्वास बसला नाहीं. “कोठें तरी चुकला असशील,” असें मीं त्याला सांगितलें. वडील माणसाच्या तोंडून असें वाक्य किती सहज बाहेर पडतें! तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशीं त्यानें तो करार आणि बारा महिन्यांचीं बिलें मला पाठविलीं. तीं मीं ओळीनें वाचलीं, आणि मुलगा खरें बोलत होता असें दिसून आलें. त्यानें हप्ता चुकविला नव्हता. त्यानें एक शब्द चुकविला होता. तो शब्द म्हणजे ‘जर’.

करारांतील वाक्य असें नव्हतें कीं, बारा महिने व्याज नाहीं. वाक्य असें होतें कीं, बारा महिन्यांच्या आंत संपूर्ण रक्कम फेडली, तर व्याज नाहीं. हीं दोन वाक्यें कानाला जवळ जवळ सारखीं वाटतात. हिशेबाच्या वहींत मात्र त्यांच्यामध्यें मोठी दरी आहे.

आपल्या सभांच्या भाषेंत दोन शब्द आहेत : सभा ‘बरखास्त’ होते आणि सभा ‘तहकूब’ होते. बरखास्त झालेली सभा संपली. तहकूब झालेली सभा संपत नाहीं. तीच सभा, त्याच विषयपत्रिकेसह, ठरलेल्या दिवशीं पुन्हां भरते. भाच्याला वाटलें कीं, आपलें व्याज बरखास्त झालें आहे. प्रत्यक्षांत तें केवळ तहकूब होतें. पलंग घरीं आला त्या दिवसापासून सावकाराच्या वहींत तें मांडलें जात होतें. फक्त तें मागितलें जात नव्हतें. बारावा महिना संपला, एक अट अपुरी राहिली, आणि तहकूब सभा भरली.

आतां तो हिशेब पाहूं. दर वर्षाला ३० टक्के धरूं. अमेरिकेंतील दुकानी कार्डांना ह्याच्या आसपासचा दर असणें ही आज नवलाची गोष्ट नाहीं. म्हणजे महिन्याला अडीच टक्के. पहिल्या महिन्यांत बाकी १२०० डॉलर, दुसऱ्यांत ११०५, तिसऱ्यांत १०१०, अशी उतरत उतरत बाराव्या महिन्यांत ती १५५ वर येते. ह्या बारा बाक्यांची सरासरी होते साडेसहाशांच्या किंचित् वर, नेमकी ६७७ डॉलर ५० सेंट. तिजवर वर्षाचें व्याज, चक्रवाढ बाजूला ठेवली तरी, २०३ डॉलर होतें. बाकी ६० डॉलर आणि तिजवरचा बोजा २०३ डॉलरांचा! हेंच कार्ड खरोखर शून्य टक्क्याचें असतें, तर मुदतीनंतर केवळ राहिलेल्या ६० डॉलरांवर व्याज चालूं झालें असतें, आणि पहिल्या महिन्याचें तें व्याज दीड डॉलर झालें असतें. दीड डॉलर आणि दोनशें तीन डॉलर, एवढें अंतर त्या एका ‘जर’नें निर्माण केलें.

येथें कोणी म्हणेल कीं, अट लिहिलेली होती, मुलानें वाचली नाहीं, त्याला कायदा काय करणार? अमेरिकेच्या कायद्यानें कांहींच केलें नाहीं असें नाहीं. २००९ सालीं तेथें क्रेडिट कार्डांविषयीं एक मोठा कायदा झाला. एकवीस वर्षांखालील तरुणाला स्वतःचें उत्पन्न दाखविल्यावांचून किंवा एखाद्या प्रौढाची जामिनकी दिल्यावांचून कार्ड मिळूं नये, अशी तजवीज त्यांत आहे. अशा सवलतीची मुदत संपावयाच्या आधींच्या दोन बिलांच्या काळांत, किमान रकमेहून जास्त भरलेला पैसा प्रथम ह्या तहकूब व्याजाच्या बाकीकडे वळविला पाहिजे, असाहि नियम झाला. २०१० पासून जाहिरातींत ‘व्याज नाहीं’ ह्या शब्दांच्या लगत ‘पूर्ण रक्कम फेडल्यास’ हे शब्द घालणें भाग झालें. पुढें जून २०१७ मध्यें तेथील ग्राहक आर्थिक संरक्षण ब्यूरोनें दुकानी कार्डांच्या कंपन्यांस पत्रें लिहून, ह्या पद्धतीऐवजीं अधिक सरळ अशी शून्य टक्क्याची सवलत देण्याचा विचार करावा, असें सुचविलें. परंतु पद्धत बंद झाली नाहीं. कायद्यानें ‘जर’ हा शब्द छापावयास लाविला. तो वाचण्याचें काम ग्राहकाकडेच राहिलें.

आणि तरुणाला तो वाचावयास कठीण कां जातो, हेंहि समजून घेतलें पाहिजे. पहिल्या नोकरींतील माणूस महिन्याच्या मापानें विचार करतो. पगार महिन्याचा, भाडें महिन्याचें, म्हणून कर्जहि तो महिन्याच्याच मापानें मोजतो. त्यांत दरमहाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून एक लहानसा आंकडा छापलेला असतो. तो भरला कीं बिल शांत होतें. परंतु तो किमान आंकडा बारा वेळां भरल्यानें मुदतींत सबंध कर्ज फिटेलच असें नाहीं. बहुधा फिटत नाहीं. आज्ञाधारक मुलगा सांगितलेलें सर्व करतो आणि तरीहि अटींत नापास होतो. आळसानें नव्हे, शिस्तीनें फसतो. म्हणून त्याला लाज अधिक वाटते. माझ्या भाच्यानें दोन महिने घरीं फोन करणें कमी केलें होतें. कामाचा ताण असेल, अशी माझ्या बहिणीची समजूत.

ही हकीकत शेवटीं घरांत कळलीच. तेव्हां पुण्यास नोकरी करणारी त्याची धाकटी बहीण हंसून म्हणाली, “मामा, हे अमेरिकेचे चोचले. आपल्याकडे असलें नसतें.” मीं तिला तिचीं बिलें आणावयास सांगितलें.

श्रोतेहो, आपल्याकडे हें सोंग निराळ्या वेषांत येतें. आपल्या कार्डांवर खरेदीच्या दिवसापासून बिल भरण्याच्या तारखेपर्यंत, सुमारें महिना-दीड महिना, व्याज नसतें. हाच तो ‘बिनव्याजी काळ’. पण हा काळहि एका ‘जर’वर उभा आहे. मागील बिल संपूर्ण भरलें असेल, तरच तो मिळतो. भाचीनें काय केलें होतें? २ जूनला तिनें ४०,००० रुपयांचा संगणक घेतला. बिल निघालें ३० जूनला. भरण्याची तारीख २० जुलै. त्या दिवशीं तिनें ३८,००० रुपये भरले आणि २,००० पुढील महिन्यावर टाकले. किमान देय रक्कम थकबाकीच्या ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २,००० रुपये, होती. आपण तर त्याच्या कितीतरी पट भरले, असें तिला वाटलें. व्याज लागलेंच, तर दोन हजारांवर लागेल!

तें तसें लागत नाहीं. बहुतेक बँकांच्या अटींप्रमाणें, पूर्ण रक्कम भरली न गेल्यास बिनव्याजी काळ मागें घेतला जातो आणि खरेदीच्या दिवसापासून, पैसे भरले त्या दिवसापर्यंत, सबंध ४०,००० वर व्याज मोजलें जातें. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दर धरला, तर ४८ दिवसांचें व्याज सुमारें २,२०९ रुपये होतें. राहिलेल्या दोन हजारांवर महिनाअखेरपर्यंतचे आणखी २३ रुपये. वर १८ टक्के वस्तु व सेवा कर, तो ४०० रुपयांच्या वर. दोन हजार रुपये मागें ठेवण्याची किंमत अडीच हजारांहून अधिक! शिवाय, ही बाकी पुरी फिटेपर्यंत नवीन घेतलेल्या भाजीवर, औषधावर, रेल्वेच्या तिकिटावरहि पहिल्या दिवसापासून व्याज चालूं राहतें. अमेरिकेंतील भाऊ आणि पुण्यांतील बहीण, दोघांनाहि एकाच शब्दानें गांठलें होतें.

आणखी एक वेष आहे. ‘विनामूल्य हप्ते’, ज्याला दुकानांत ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणतात. येथें बँक व्याज आकारीत असते. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट किमतींत देते आणि दोन्हींची वजाबाकी शून्य दाखविली जाते. परंतु व्याजावरील कर बहुधा ग्राहकाच्याच माथीं बसतो, आणि कोठें कोठें प्रक्रियेचें शुल्कहि. ह्यावर रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१३ मध्येंच बँकांस बजावलें होतें कीं, शून्य टक्के व्याज अशी वस्तुच अस्तित्वांत नाहीं. २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत तिनें आणखी स्पष्ट केलें कीं, हप्ते बांधण्यापूर्वीं मुद्दल, व्याज आणि सूट हीं तिन्ही वेगवेगळीं दाखविलीं पाहिजेत, आणि व्याज असलेल्या हप्त्यांना बिनव्याजी असा मुखवटा चढवूं नये. नियम चांगला आहे. मात्र ते तीन आंकडे पडद्यावर येतात, तेव्हां आपला अंगठा ‘मान्य आहे’ ह्या शब्दांवर आधींच पोंचलेला असतो.

महाराष्ट्रास ह्या अंगठ्याची कथा नवी नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जाचीं खतें जाळलीं. त्या दंग्यांनंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत कर्जाचे दस्तऐवज सरकारनें नेमलेल्या ग्राम-निबंधकासमोर व्हावेत, आणि कर्जदाराला पावती व हिशेबाचा उतारा मिळावा, अशा तरतुदी होत्या. कारण उघड होतें : ज्यानें अंगठा उठविला त्याला कागदांत काय लिहिलें आहे तें वाचतां येत नव्हतें. आपलीं मुलें पदवीधर आहेत. त्यांना तो कागद वाचतां येतो, तो त्यांच्या हातांतील यंत्रांत चोवीस तास उपलब्ध आहे, आणि तरीहि तीं न वाचतां अंगठा उठवितात. ह्यांत निरक्षरांचा दोष नव्हता, आपला आहे.

त्या काळच्या कर्जदाराला आणखी एक आधार होता. आपल्या धर्मशास्त्रांतील दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यांतील न्यायालयें इंग्रजी अमदानींतहि मानीत असत. एका वेळीं वसूल होणारें थकलेलें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये, असा तो नियम. कार्डाच्या कर्जाला तसा कांठ नाहीं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं कार्डांवर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणें अनुचित ठरविलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं तो निर्णय रद्द केला. म्हणून कांठ बांधावयाचा तो प्रत्येकानें आपल्या घरींच बांधला पाहिजे.

तो कसा बांधावा? मी माझ्या भाच्यांना ज्या चार गोष्टी सांगितल्या, त्याच येथें सांगतों.

पहिली गोष्ट, मुदतीच्या महिन्यांतून एक महिना वजा करून मग भागाकार करावा. बाराशें डॉलर बारा महिन्यांत फेडावयाचे असतील, तर बारांनीं नव्हे, अकरांनीं भागावें. दरमहा ११० डॉलर भरले, तर अकराव्या महिन्यांतच कर्ज संपतें, आणि एखादी रक्कम वाटेंत अडकली तरी हातीं एक महिना राहतो. माझा भाचा ९५ भरीत होता. ह्या पंधरा डॉलरांच्या फरकानें त्याचे दोनशें तीन वांचले असते.

दुसरी गोष्ट, सवलत संपण्याची तारीख आणि बिल भरण्याची तारीख ह्या दोन निराळ्या तारखा असूं शकतात. पहिली आधीं आली, तर दुसरी पाळून उपयोग नाहीं. म्हणून पहिली तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईनें लिहावी.

तिसरी गोष्ट, ज्या कार्डावर अशी सवलतीची खरेदी केली, त्याच्यावर दुसरें कांहीं घेऊं नये. दोन कर्जें एका खात्यांत मिसळलीं, म्हणजे भरलेला पैसा कोणत्या कर्जाकडे गेला, हें ओळखणें मोठें कठीण होतें.

चौथी गोष्ट आपल्याकडील कार्डांची. बिल खात्यांतून आपोआप भरलें जावें अशी सूचना बँकेला देतांना दोन पर्याय पुढें येतात : ‘किमान रक्कम’ आणि ‘संपूर्ण रक्कम’. ह्यांतील दुसरा निवडावा. दुसरा निवडण्याइतके पैसे खात्यांत नसतील, तर ती खरेदी आपली नव्हे, असें समजावें. आणि बाकी राहिलीच असेल, तर ती संपूर्ण फिटेपर्यंत तें कार्ड कपाटांत ठेवावें.

आतां दोन शब्द वडील मंडळींसाठीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण मुलांना शिकविली, आणि ती खरीच आहे. परंतु हें अंथरूण आंतून गुंडाळत जाणारें आहे, हें आपण शिकविलें नाहीं, कारण तें आपल्यालाच माहीत नव्हतें. ऋण काढून सण करूं नये, एवढें सांगून आपलें कर्तव्य संपत नाहीं. माझ्या भाच्यानें सण केला नव्हता. त्यानें निजावयास एक पलंग घेतला होता. असा मुलगा फोनवर बोलूं लागला, म्हणजे “चुकला असशील” हें वाक्य गिळून “बिल पाठव, मिळून पाहूं” असें म्हणावें. मला तें वाक्य एक दिवस उशीरा सुचलें. दुसऱ्या दिवशीं मीं त्याला फोन करून माझें म्हणणें मागें घेतलें. मग त्यानें आपण होऊन आईला सर्व सांगितलें, पुढील पगारांतून सारी रक्कम भरली आणि तें कार्ड बंद केलें. कंपनीनें एक डॉलरहि सोडला नाहीं. करारांत तें तसेंच लिहिलें होतें.

माझी भाची मात्र परवां एका दुकानांत शीतकपाट पाहावयास गेली होती. विक्रेत्यानें नेहमींचें वाक्य म्हटलें. तिनें विचारलें, “व्याज नाहीं, कीं आतां मागत नाहीं?” त्या गृहस्थानें आंत जाऊन कागद आणिला, आणि दोघांनीं तो उभ्यानें वाचला. खरेदी त्या दिवशीं झाली नाहीं. पुढील महिन्यांत ती रोख झाली.

हें भाषण संपल्यावर आपल्या घरांतील शेवटचें बिल काढा, आणि घरांतील तरुण मुलामुलींना शेजारीं बसवून त्यावर दोन आंकडे शोधा : किमान रक्कम किती, आणि व्याजाचा वार्षिक दर किती. पहिला ठळक दिसेल. दुसरा शोधावयास जितका वेळ लागेल, तितका वेळ आज त्या मुलांसाठीं काढा.